अनुमोदन म्हणजे मंजुरी नव्हे

संपादक महोदय,

‘शहराच्या विकास आराखड्याला शासनाचे अनुमोदन’, ‘नव्या अभ्यासक्रमास विद्या परिषदेचे अनुमोदन’, ‘राज्यपालांकडून विधेयक अनुमोदित’ अशा धाटणीचे मथळे हल्ली मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर सर्रास दिसतात. तिन्ही ठिकाणी बातमीदाराला सांगायचे असते ते ‘वरून होकार आला’ एवढेच. पण हे तीन होकार तीन वेगळ्या जातीचे आहेत. पहिला मंजुरी, दुसरा मान्यता, तिसरा अनुमती. मराठीत ज्याला अनुमोदन म्हणतात तो यांतला एकही नाही. शुद्धलेखनाच्या चुकीने वाचक फार तर चरफडतो. या चुकीने मात्र त्याला निर्णय नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हेच कळत नाही, म्हणून हे पत्र.

अनुमोदनाची खरी जागा कोणती, हे शाळेच्या स्नेहसंमेलनाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एक जण उठून म्हणतो, ‘आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारावे, अशी मी सूचना मांडतो.’ दुसरा उठतो, ‘या सूचनेस माझे अनुमोदन आहे.’ सुचवणारा सूचक, त्याच्या पाठीशी उभा राहणारा अनुमोदक. दोघेही सभेचे सारख्याच दर्जाचे सदस्य असतात. अनुमोदक सूचकाचा वरिष्ठ नसतो, आणि त्याच्या एका वाक्याने काही मंजूरही होत नाही. सूचना एकट्यादुकट्याच्या डोक्यातली नाही, निदान दोघांना ती विचारात घेण्याजोगी वाटते, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुढे चर्चा आहे, उपसूचना (मूळ सूचनेत बदल सुचवणाऱ्या सूचना) आहेत, मतदान आहे. ठराव मंजूर होतो तो सभेच्या मताने.

शब्दाची घडणही हेच सांगते. ‘अनु’ म्हणजे मागून, मागोमाग. ‘मुद्’ म्हणजे आनंदणे. आधी कोणीतरी काही केले किंवा मांडले, आणि त्यामागून आपण त्यात आपला संतोष मिसळला. पतंजलींच्या योगसूत्रांत (२.३४) हिंसादी दोषांचे तीन प्रकार येतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली हिंसा, दुसऱ्याकडून करवलेली हिंसा आणि दुसरा करत असताना आपण जिला मान डोलावली ती हिंसा. जैन आचारातही करणे, करवणे आणि अनुमोदणे अशी हीच त्रयी आहे. यातली वाटणी ध्यानात घेण्यासारखी आहे. हुकूम देणाऱ्यासाठी ‘कारित’ हा वेगळा खण आहे. ‘अनुमोदित’मध्ये अधिकाराचा मागमूस नाही. शब्दकोशांत अनुमोदनाचे अर्थ ‘संमती’, ‘पाठिंबा’ असेही सापडतात आणि ते चूक नाहीत. पण त्यांपैकी कोणत्याही अर्थात वरच्याने खालच्याला दिलेली मंजुरी बसत नाही.

कायद्यात अनुमोदक कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे पाहिले की शब्द आणखी पक्का होतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा १९५२ चा अधिनियम आहे. १९९७ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या अर्जावर किमान ५० मतदार सूचक म्हणून आणि ५० मतदार अनुमोदक म्हणून लागतात; उपराष्ट्रपतिपदासाठी २० आणि २०. एका मतदाराला सूचक असो वा अनुमोदक, एकाच अर्जावर सही करता येते. दोन अर्जांवर केलीच, तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची ग्राह्य, दुसऱ्यावरची बाद. विधानसभेच्या अर्जावर मात्र अनुमोदक नसतोच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. तरीही दर निवडणुकीत ‘उमेदवाराचे सूचक-अनुमोदक फुटले’ अशी बातमी विधानसभेच्या संदर्भात वाचायला मिळते. अर्जाचा नमुना एकदा डोळ्यांखालून घातला असता तर ते वाक्य छापलेच गेले नसते.

आता इतिवृत्ताकडे वळतो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतात आणि त्यांतले काही संस्थांना चांगलेच महागात पडतात. गृहनिर्माण संस्था असो, ग्रामपंचायत असो, पतसंस्था असो, ठरावाचा साचा साधारण असा असतो:

‘विषय क्र. ४ : इमारतीच्या गळतीची दुरुस्ती करणेबाबत. ठराव : सदर विषयावर चर्चा होऊन आलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्याचे ठरले. सूचक : – – –. अनुमोदक : – – –. ठराव सर्वानुमते मंजूर.’

यात शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कित्येकदा लिहायची राहते. सूचक-अनुमोदकांची नावे लिहिली की झाले, अशी समजूत असते. पण ‘मंजूर’ हा शब्द आणि तो कसा झाला (सर्वानुमते, बहुमताने, किती विरुद्ध किती) हे नसेल, तर कागदावर उरतो तो केवळ मांडलेला आणि पाठिंबा मिळालेला प्रस्ताव. सहकारी संस्थेचा वाद निबंधकांकडे गेला की समोरचा पक्ष पहिले बोट तिथे ठेवतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नावे नंतर भरणे. सभा संपते, चार दिवसांनी लेखनिक वहीत ठराव उतरवतो आणि आठवतील ती नावे घालतो. मग अनुमोदक म्हणून ज्याचे नाव आहे त्याची उपस्थिती नोंदवहीत सहीच नसते, किंवा सूचक आणि अनुमोदक एकच निघतो, किंवा ज्याला सभेत मताचा अधिकारच नाही अशा माणसाचे नाव लागलेले असते. उपाय अगदी सोपा आहे. ठराव मांडला जातो त्याच क्षणी दोन्ही नावे कच्च्या टिपणात घ्यावीत, अध्यक्षांनी ती मोठ्याने उच्चारावीत आणि पक्की नोंद करताना उपस्थिती वहीशी ताडून पाहावीत.

उपसूचनेला स्वतःचा सूचक आणि स्वतःचा अनुमोदक हवा, मूळ ठरावाचा चालत नाही. मतालाही आधी उपसूचना टाकायची, तिचा निकाल लागला की मग मूळ ठराव, असेल त्या रूपात. उलट केले तर मूळ ठराव मंजूर झाल्यावर उपसूचनेला काही अर्थच उरत नाही. दुखवट्याचा ठराव अध्यक्षस्थानावरून मांडला जातो. त्याला अनुमोदनाची गरज नसते, सभा उभी राहते आणि तो संमत होतो. त्याच्याखालीही अनुमोदकाचे नाव घालणारे उत्साही लेखनिक असतात.

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा बहुतेक विषयपत्रिकांवरचा पहिला विषय. इथे ‘कायम करणे’ हा जुना, नेमका शब्द आहे. त्याऐवजी ‘इतिवृत्तास अनुमोदन’ किंवा ‘इतिवृत्तास मंजुरी’ लिहिले की सदस्यांना वाटते, मागच्या सभेच्या निर्णयांवर पुन्हा होकार-नकार द्यायचा आहे. तसे काही नसते. मागच्या वेळी जे झाले ते जसे झाले तसेच लिहिले आहे ना, एवढाच प्रश्न असतो. ‘तो ठराव मला पटला नव्हता, म्हणून इतिवृत्त कायम करू नका’ ही हरकत म्हणून गैरलागू. ‘मी विरोध नोंदवला होता, तो लिहिलेला नाही’ ही हरकत रास्त. शब्द बरोबर असता तर निम्मी भांडणे सुरूच झाली नसती.

मंजुरी हा अधिकाराचा शब्द. तो अरबीतून फारसीमार्गे आला, नजर ज्या धातूपासून झाली त्याच धातूपासून. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेले’, अर्थात बघणाऱ्याच्या नजरेखालून गेले आणि त्याने जाऊ दिले. गंमत अशी, की आजच्या शासकीय टिप्पणीत ‘पाहिले’ हा शेरा म्हणजे मंजुरी नव्हेच. प्रस्ताव ‘मान्यतेस्तव सादर’ केलेला असतो, साहेब त्यावर ‘पाहिले’ लिहून सही ठोकतात, आणि खाली कर्मचारी धास्तावतो, कारण ‘पाहिले’वर आदेश काढता येत नाही. ‘प्रस्ताव मान्य’ किंवा नुसते ‘मान्य’ हवे. ‘माहितीस्तव सादर’ वर ‘पाहिले’ पुरते, ‘आदेशार्थ सादर’ वर पुरत नाही. म्हणून टिप्पणीच्या शेवटच्या परिच्छेदात नेमके काय मागितले आहे ते लिहावे: कशाला मान्यता, किती रकमेला, कोणत्या लेखाशीर्षातून. नुसते ‘सादर’ लिहून सोडले की वरून येणारा शेराही तसाच मोघम येतो.

मान्यता आणि परवानगी यांतला फरक तर न्यायालयात गाजलेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कलम ३३ मध्ये दोन वेगळ्या तरतुदी होत्या. विवाद प्रलंबित असताना त्या विवादाशी संबंधित गैरवर्तनासाठी कामगाराला बडतर्फ करायचे तर मालकाने आधी लेखी परवानगी घ्यायची. गैरवर्तनाचा विवादाशी संबंध नसेल तर बडतर्फी करता येई, पण एक महिन्याचे वेतन देऊन आणि केलेल्या कारवाईस मान्यता मिळावी म्हणून अर्ज करून. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये लॉर्ड कृष्णा टेक्स्टाइल मिल्सच्या निकालात या दोहोंतला भेद उलगडून दाखवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर होते. सूत्र असे, की परवानगी कृतीच्या आधी लागते आणि ती मिळेपर्यंत कृतीला बळच येत नाही. मान्यता कृतीनंतरही मिळू शकते. ती नाकारली गेली, तर बडतर्फीचा आदेश मुळात झालाच नव्हता असे समजायचे, हे २००२ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. कायद्याच्या मसुद्यात ‘पूर्व’ हे दोन अक्षरांचे उपपद लागले की मागाहून मिळवलेला होकार फुकट जातो. पूर्वमान्यता आणि कार्योत्तर मान्यता यांच्यात एखाद्याची नोकरी किंवा एखाद्या ठेकेदाराचे देयक अडकलेले असते. अशा ठिकाणी सरसकट ‘अनुमोदन’ लिहिणे म्हणजे आधी की नंतर हा प्रश्नच पुसून टाकणे.

विधेयकाचा प्रवास सांगणारे शब्द मराठीत इतके स्वच्छ आहेत की त्यांत गोंधळ का व्हावा, हे कळत नाही. सभागृह विधेयक संमत करते. राज्यपाल त्याला अनुमती देतात. मग ते राजपत्रात प्रसिद्ध होते आणि अधिनियम बनते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल अनुमती देऊ शकतात, रोखू शकतात किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. धन विधेयक नसेल तर ते फेरविचारासाठी परतही पाठवता येते, आणि विधानमंडळाने ते पुन्हा संमत केले तर अनुमती रोखता येत नाही. ‘अनुमोदित’ या एका शब्दात यातले काय मावणार? घटनादुरुस्तीसाठी आणखी वेगळा शब्द आहे. काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी अनुसमर्थन द्यावे लागते. वस्तू व सेवा कराच्या १०१ व्या दुरुस्तीला २०१६ मध्ये ते दिले गेले. अनुसमर्थन म्हणजे संसदेने आधीच केलेल्या दुरुस्तीला स्वतंत्र अधिकार असलेल्या दुसऱ्या सभागृहाने दिलेली साथ. इथे कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. तशा अर्थाने अनुमोदनाचे हे जवळचे नातलग, पण दोन्ही एक नव्हेत.

संमती ज्याचे हक्क किंवा हित गुंतले आहे तो देतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची, सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. तिला ‘गावकऱ्यांची मंजुरी’ म्हटले की गावकरी अधिकारी होतात, ‘अनुमोदन’ म्हटले की ते टाळ्या वाजवणारे होतात. सहमती म्हणजे एका विभागाच्या प्रस्तावाला दुसऱ्या विभागाने, बहुधा वित्त विभागाने, दिलेला जुळता अभिप्राय. ना हरकत म्हणजे ‘आमच्या बाजूने अडथळा नाही’, इतकेच. अग्निशमन विभागाचे ना हरकत मिळाले म्हणून बांधकामाला परवानगी मिळाली, असे होत नाही. शिफारस म्हणजे तर होकारही नव्हे. अभ्यास मंडळ शिफारस करते, मान्यता विद्या परिषदेची.

सार्वजनिक कामांच्या बातम्यांत यातून होणारे नुकसान उघड दिसते. कामाची गरज आणि ढोबळ खर्च पटला की प्रशासकीय मान्यता मिळते. मग सविस्तर अंदाजपत्रक होते, त्यातले आराखडे, मोजमापे आणि दर तपासून सक्षम अभियंता तांत्रिक मान्यता देतो. निधीची तरतूद, निविदा, निविदेची स्वीकृती आणि शेवटी कार्यारंभ आदेश हे सगळे त्यानंतरचे. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर सुधारित प्रशासकीय मान्यता. पाटबंधारे खात्यात तिला सगळे ‘सुप्रमा’च म्हणतात, आणि एखाद्या धरणाची कितवी सुप्रमा चालू आहे यावरून त्याचे वय सांगता येते. आता ‘पुलाला मंजुरी’ अशी बातमी आली की ती या साखळीतल्या कोणत्या कडीची? बहुतेक वेळा पहिल्याच, म्हणजे प्रशासकीय मान्यतेची असते. कित्येकदा तर त्याच्याही आधीच्या ‘तत्त्वतः मान्यते’ची, जिच्यामागे एक रुपयाचीही तरतूद नसते. वाचक दोन वर्षांनी विचारतो, ‘मंजूर झालेला पूल कुठे गेला?’ पूल कुठे गेलेला नसतो, तो अंदाजपत्रकातच असतो. बातमीदाराने शासन निर्णय हाती घेऊन त्यातले विशेषण तेवढे जसेच्या तसे उचलले, प्रशासकीय, तांत्रिक की तत्त्वतः, तर हा प्रश्नच उद्भवणार नाही. शिवाय ‘च्या अधीन राहून’ हे शब्द कुठे येतात ते जरूर पाहावे. खरी अट त्यांच्या आधीच्या अर्ध्या ओळीत असते.

‘शिक्कामोर्तब’ हा आणखी एक लाडका शब्द. शिवकालीन पत्रात माथ्यावर मुद्रेचा शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब. मोर्तब झाली म्हणजे मजकुराची हद्द बांधली गेली, त्यापुढे कोणी काही घुसडायचे नाही. त्यामुळे ‘स्थायी समितीत शिक्कामोर्तब, आता प्रस्ताव महासभेपुढे’ हे वाक्य स्वतःलाच खोडते. महासभेपुढे जायचे असेल तर मोर्तब झालेली नाही.

अनुमोदनाचा हा फुगवटा आला कुठून, हेही उघड आहे. केंद्राच्या हिंदी कामकाजात ‘अनुमोदन’ हा मंजुरीचा सर्वसाधारण शब्द आहे. ‘अनुमोदनार्थ प्रस्तुत’ हे तिथले रोजचे वाक्य. हिंदीपुरते ते ठीकच आहे, तिथे तो रुळलेला आहे. पण मराठीत भाषा संचालनालयाच्या कोशांतून आणि शासन निर्णयांतून मान्यता-मंजुरी-संमती-अनुमती अशी वाटणी आधीच झालेली असताना हिंदी पत्रकाचा तर्जुमा करताना शब्द तसाच उचलला जातो, आणि आता यांत्रिक भाषांतराने त्याला आणखी जोर आला आहे. उपसंपादकाने अशा मजकुरात ‘अनुमोदन’ दिसताच तीन गोष्टी तपासाव्यात. देणारा समपातळीवरचा आहे, वरचा आहे की हितसंबंधी? होकार कृतीआधीचा आहे की नंतरचा? आणि तो नाकारला असता तर काय अडले असते? या उत्तरांवरून शब्द आपोआप ठरतो. देणारा समपातळीवरचा असेल आणि निर्णय अजून व्हायचा असेल, तरच अनुमोदन राहू द्यावे.

जाता जाता लेखनाविषयी. मूळ शब्द मंजूर, जू दीर्घ. पण मंजुरी, मंजुरीने यांत जु ऱ्हस्व. ‘मंजूरी’ हे हिंदी वळण आहे. संमती, अनुमती, सहमती हे शब्द सुटे लिहिताना आणि विभक्तिप्रत्ययापूर्वी दीर्घान्त: संमतीने, अनुमतीशिवाय. समासात पूर्वपद झाले की ऱ्हस्व: संमतिपत्र, अनुमतिपत्र. अनुमोदन नपुंसकलिंगी, म्हणून ‘अनुमोदन मिळाले’. ‘अनुमोदन मिळाला’ नव्हे. आणि क्रियापद ‘अनुमोदन देणे’. ‘अनुमोदित करणे’ ची मराठीला गरज पडलेली नाही.

– एक वाचक